काही नाही

बार्सिलोनाच्या फ्रांस स्थानकात रूळ सरळ आत येत नाहीत. ते वळण घेत येतात आणि वरचं लोखंड-काचेचं उंच छप्परही त्यांच्याबरोबर वळतं. १९२९च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी हे स्थानक नव्यानं बांधलं गेलं. आता लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या सांत्स स्थानकाला लागतात. इथे भर दुपारी फलाटावर केर काढणारा एक माणूस, बॅग उशाला घेऊन बाकावर झोपलेला एक पोरगा आणि आम्ही दोघी, मी आणि माझी भाची.

"मावशी, लोक सग्रादा फामिलिया बघायला येतात," ती म्हणाली. "तू रिकामा फलाट बघायला आलीस?"

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय दिला होता 'उंबरठा'. कुठलाही चालेल, म्हणाले. मला पहिल्यांदा आठवला तो हा फलाट. कार्मेन लाफोरेत यांच्या 'नादा' या कादंबरीत आंद्रेआ नावाची अठरा वर्षांची पोरकी मुलगी इथे मध्यरात्री उतरते. ऐनवेळी तिकिटाची अडचण आली म्हणून कळवलेली गाडी सोडून दुसऱ्याच गाडीनं आलेली. घ्यायला कोणी नाही. हातात पुस्तकांनी ठासून भरलेली जड बॅग. दुसरी कुणी घाबरली असती. आंद्रेआला आनंद होतो. आपल्याला कोणी बघत नाहीये, कोणी वाट बघत नाहीये, रात्र आपली आहे. हा आनंद तासभरसुद्धा टिकत नाही. पण पुढची सगळी पानं वाचताना तो लक्षात राहतो, कारण या मुलीला काय हवं होतं ते लेखिकेनं पहिल्या पानावरच सांगून टाकलेलं असतं.

'नादा' म्हटलं की आपल्या कानाला 'नाद' ऐकू येतो. स्पॅनिशमध्ये अर्थ अगदी उलटा: काहीही नाही. आणि हा काही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातला जड शब्द नव्हे. कोणी विचारलं, काय झालं गं, रडलीस का, की आपण जे म्हणतो, तोच हा शब्द. काही नाही.

घोडागाड्या परत आल्या

स्थानकाबाहेर येऊन आंद्रेआ एक जुनी घोडागाडी करते. वाचताना वाटतं, १९३९ साल म्हणजे घोडागाडीचाच जमाना. तसं नव्हतं. या शहरात मोटारी होत्या, ट्राम होती, १९२४पासून जमिनीखालून रेल्वे धावत होती. घोडागाड्या मागे पडल्या होत्या, त्या युद्धानंतर परत आल्या. लाफोरेत हे जाता जाता सांगते आणि पुढे निघून जाते. तिच्या लिहिण्याची रीतच ही. एवढं मोठं युद्ध, आणि तिनं ते घोड्याच्या टापांत आणून ठेवलं.

जुलै १९३६मध्ये लष्करातल्या एका गटानं प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केलं, त्यातून जवळपास तीन वर्षांचं यादवी युद्ध झालं. बार्सिलोना प्रजासत्ताकाच्या बाजूचं. २६ जानेवारी १९३९ला बंडखोरांचा नेता फ्रांको याच्या फौजा शहरात शिरल्या, १ एप्रिलला युद्ध संपल्याचं जाहीर झालं. कादंबरी वर्ष सांगत नाही, पण आंद्रेआ उतरते ती त्याच शरद ऋतूत असावी. देशात पेट्रोल नव्हतं. ज्यांच्याकडे मोटार होती ते मागच्या बाजूला एक मोठा बंब बसवून घेत, त्यात लाकूड-कोळसा जाळून गॅस करत आणि त्यावर इंजिन चालवत. 'गासोहेनो' म्हणत त्याला. न्हाणीघरातला बंब पाठीवर घेऊन धापा टाकत चाललेली मोटार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे १९४०चं स्पेन दिसेल.

आम्ही चालत निघालो. समुद्राचा वास थोडा वेळ सोबत करतो, मग कॉफीचा, मग गटाराचा, मग पुन्हा कॉफीचा. विद्यापीठाच्या चौकात पोचायला पाऊण तास लागला, कारण भाची दर दोन गल्ल्यांनी काहीतरी खायला थांबत होती. विद्यापीठाची ती भारदस्त दगडी इमारत आंद्रेआला घोडागाडीतून दिसते आणि तिला वाटतं, हिनं आपलं स्वागत केलं. तिथून वर जाणारा रस्ता आरिबाऊ.

अर्ध्या घरात पूर्ण घराचं सामान

आरिबाऊ हे एका कवीचं नाव. त्याच्या १८३३च्या कवितेपासून इथल्या कातालान भाषेचं पुनरुज्जीवन सुरू झालं असं तिथले लोक मानतात. आंद्रेआ येते तेव्हा त्याच भाषेला शाळा, वर्तमानपत्रं, दुकानांच्या पाट्या, सगळीकडून हाकललेलं होतं. कादंबरी स्पॅनिशमध्ये आहे आणि तिच्यात कातालान जवळजवळ ऐकूच येत नाही. ही गैरहजेरीसुद्धा त्या काळाची साक्षच.

हा सगळा भाग इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्यानं १८५९मध्ये आखला. एकसारखे चौकोन, प्रत्येक बाजू सुमारे ११३ मीटर, कोपरे तिरके कापलेले, रस्ते वीस मीटर रुंद. नकाशावर पाहिलं तर कुणीतरी पट्टी घेऊन रांगोळीचे ठिपके जोडल्यासारखं. आत मात्र घरं लांबुळकी, रस्त्याकडची खोली उजेडाची, मागची अंगणाकडची बरी, मधल्या खोल्यांना खिडकी म्हणजे आतल्या चौकोनी बोळात उघडणारी झडप. तिथून शेजाऱ्यांच्या फोडणीचा वास येतो, भांडणं येतात, ऊन येत नाही.

आंद्रेआची आजी नवी नवरी म्हणून इथे आली तेव्हा रस्ता नवा होता, आजूबाजूला मोकळी जागा होती. मग मुलं झाली, आजोबा गेले, पैसे गेले. घराचा अर्धा भाग भिंत घालून विकून टाकला. सामान मात्र विकलं नाही. म्हणजे दोन घरांचं फर्निचर एका अर्ध्या घरात कोंबलेलं. आरसे, मेणबत्त्यांची झाडं, एकावर एक रचलेल्या खुर्च्या, कोळ्याची जाळी. त्या ढिगात आंद्रेआची खाट. बऱ्याच समीक्षकांनी या घराला भुताटकीच्या गोष्टींची परंपरा चिकटवली आहे. असेल. मला मात्र ते आपल्याकडच्या वाटणी झालेल्या वाड्यासारखं वाटतं. वाटणीनंतर भिंत येते, पण कपाटं कोणी टाकत नाही.

घरात कोण कोण? सगळ्यांना थोडं थोडं देऊन स्वतः उपाशी राहणारी, रात्रभर जागी असणारी आजी. आंगुस्तियास आत्या, जिच्या नावाचा अर्थच यातना. हुआनकाका चित्रं काढतो, ती विकली जात नाहीत, म्हणून तो बायकोला मारतो. बायको ग्लोरिया सुंदर, भोळी दिसणारी, प्रत्यक्षात घर चालवणारी: नवऱ्याला सांगते चित्रं विकली, पैसे येतात ते झोपडपट्टीवजा वस्तीत बहिणीकडे रात्री पत्ते खेळून. वरच्या माळ्यावर रोमानकाका, व्हायोलिन वाजवणारा, गोड बोलणारा, लोकांची मनं उचकटून पाहण्याचा छंद असलेला. मोलकरीण आंतोनिया, तिचं सगळं लक्ष रोमानवर. आणि त्रुएनो नावाचा कुत्रा. त्रुएनो म्हणजे मेघगर्जना, पण घरात गरजतात ती माणसं.

लाफोरेत स्वतः १९३९च्या सप्टेंबरमध्ये कानारी बेटांवरून शिकायला बार्सिलोनाला आली आणि आजीकडे आरिबाऊ रस्त्यावर ३६ नंबरच्या घरात राहिली. हे आत्मचरित्र नव्हे असं ती जन्मभर सांगत आली. ठीक आहे. तरी आम्ही ३६ नंबरला जाऊन उभ्या राहिलोच.

दार बंद होतं. कादंबरीत रात्री ते पहारेकरी उघडतो. तेव्हा रस्त्यारस्त्यावर असे पहारेकरी असत, बिल्डिंगांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. आंद्रेआ त्याला चिल्लर देते, मागे लोखंड आणि काच थरथरत बंद होतात आणि ती बॅग ओढत जिना चढू लागते. आम्ही काचेला नाक लावून आतला जिना बघत होतो तेवढ्यात एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन बाहेर आले. त्यांनी दार धरून ठेवलं आणि काही हवंय का, असं विचारलं. भाची एकदम ओशाळली.

"नादा, नादा," ती म्हणाली. "ग्रासियास."

उकडलेल्या भाजीचं पाणी

स्पेनमध्ये मे १९३९मध्ये रेशनकार्डं आली आणि १९५२पर्यंत राहिली. तिथले म्हातारे त्या काळाच्या सुरुवातीच्या वर्षांना सरळ 'भुकेची वर्षं' म्हणत. पाव काळा आणि मोजून. कॉफीच्या नावाखाली भाजलेले सातू किंवा चिकोरी. रताळी, मसूर, आणि एरवी गुरांना घालतात त्या कॅरोबच्या शेंगा. पांढरा पाव म्हणजे श्रीमंती.

रेशन असलं की काळाबाजार आलाच, हे मराठी वाचकाला कोणी शिकवायला नको. स्पॅनिशमध्ये त्याला शब्द पडला 'एस्त्रापेर्लो'. शब्दाची जन्मकथा मजेदार. १९३५मध्ये जुगाराच्या एका बनावट यंत्राचं लाचखोरीचं प्रकरण गाजलं होतं. ते विकणाऱ्यांच्या नावांचे तुकडे जोडून यंत्राचं नाव ठेवलेलं, स्त्रापेर्लो. त्या प्रकरणानं सरकारला हादरा दिला आणि वर्षा-दोन वर्षांत लोक विसरलेही असते, पण युद्धानंतर प्रत्येक लबाडीच्या व्यवहाराला तेच नाव चिकटलं. बायका पोटावर पिठाच्या पिशव्या बांधून गाडीनं शहरात येत. स्थानकावर झडती होते म्हणून काहीजणी आधीच ठरलेल्या जागी पोती खिडकीतून खाली फेकत, तिथे घरचं कोणी उभं असे. माळ्यावरच्या रोमानकडे चांगली कॉफी, सिगारेटी आणि पैसा कुठून येतो, हे कादंबरी बराच वेळ सांगत नाही. पण त्या काळच्या वाचकाला वासानंच कळलं असणार.

पुस्तकातला माझा सर्वांत आवडता भाग इथेच आहे. आंगुस्तियास आत्या घर सोडून गेल्यावर आंद्रेआचं पेन्शन, अनाथ म्हणून मिळणारी महिन्याची रक्कम, पहिल्यांदा तिच्या हातात येते. ती घरच्यांशी ठराव करते: खोलीचे आणि रोजच्या पावाचे पैसे देईन, बाकी जेवण माझं मी बाहेर बघेन. हिशेब चोख वाटतो. मग ती चांगले साबण घेते. अत्तर घेते. एक ब्लाऊज. एना नावाची तिची श्रीमंत मैत्रीण आहे, तिच्या घरी जेवायला बोलावलंय म्हणून तिच्या आईसाठी गुलाब घेते. महिना सरत नाही आणि पैसे सरतात. मग ती स्वयंपाकघरात भाज्या उकडून उरलेलं पाणी पिते. तेवढ्यात कोणी बघितलं तर? तेच उत्तर.

हे मूर्खपणाचं आहे, आणि लाफोरेत ते मूर्खपणाचं म्हणूनच लिहिते. पण उपाशी मुलगी आधी गुलाब घेते आणि मग पाव, यात तिचा सगळा स्वभाव आला. आधीही एकदा तिनं असंच केलेलं असतं. आजीनं दिलेला लेस लावलेला रुमाल ती एनाला भेट देऊन टाकते, कारण एना सारखं काहीतरी देत असते आणि आपणही काही द्यावं असं तिला वाटतं. घरात बोभाटा होतो की ग्लोरियानं रुमाल चोरला. गरिबाला भेट द्यायची चैनही करता येत नाही. लगेच चौकशी बसते.

भाचीला हा प्रसंग सांगितला तेव्हा ती हसली नाही. ती तीन मुलींबरोबर भाड्याच्या घरात राहते आणि फ्रिजमधला प्रत्येकीचा कप्पा वेगळा आहे. "महिन्याच्या तेवीस तारखेनंतर," ती म्हणाली, "आम्ही सगळ्याजणी एकमेकींना फार प्रेमानं जेवायला बोलावतो."

पंचवीस वर्षांची होईपर्यंत

आंगुस्तियास आत्याचा विषय असा दोन ओळींत सोडता येत नाही. पहिल्या भागात ती खलनायिका वाटते. आंद्रेआनं एकटीनं रस्त्यावर फिरायचं नाही, अमक्या वस्तीत पाऊल टाकायचं नाही, आत्याचं बोट धरून चालायचं. तिचं स्वतःचं मात्र ऑफिसातल्या विवाहित साहेबाशी काहीतरी आहे. शेवटी ती सामान बांधते आणि जाते, मठात.

हे पात्राचं विक्षिप्त वळण वाटू शकतं. पण तेव्हाचा कायदा समोर ठेवून पाहा. मुलगी सज्ञान झाली तरी पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत आई-वडिलांच्या परवानगीशिवाय तिला घर सोडता येत नसे. अपवाद मुख्यतः दोन: लग्न किंवा मठ. हे कलम १९७२पर्यंत होतं. लग्नानंतर नवऱ्याची परवानगी, बँकेसाठी, नोकरीसाठी, ती १९७५पर्यंत. प्रजासत्ताकानं १९३२मध्ये घटस्फोटाचा कायदा केला होता, तो नव्या राजवटीनं रद्द केला. आत्याचं वय कधीच पंचवीसच्या पुढे गेलेलं आहे, कायदा तिला अडवत नाही. पण कायदा ज्या मनातून निघाला ते मन सगळ्या शहरात पसरलेलं होतं, आणि त्या मनाला घराबाहेर जायची दोनच दारं ठाऊक होती. आत्यानं त्यातलं एक घेतलं.

राजवटीच्या पक्षाची स्त्रियांची शाखा होती, 'सेक्सिओन फेमेनीना'. पिलार प्रिमो दे रिवेरा तिची प्रमुख. अविवाहित तरुण मुलींना सहा महिने 'समाजसेवा' सक्तीची, त्यात स्वयंपाक, शिवण, बालसंगोपन आणि पक्षाची शिकवण. ते प्रमाणपत्र नसेल तर पदवी नाही, पासपोर्ट नाही, गाडी चालवायचा परवाना नाही. अशा देशात एक कादंबरी येते जिची नायिका शिवत नाही, रांधत नाही, प्रेमात पडून लग्न करत नाही, पश्चात्ताप करत नाही. ती चालते. रात्री एकटी कॅथीड्रलभोवती, बंदराकडे, आणि एकदा हुआनच्या मागे थेट बदनाम वस्तीत. पुढे कार्मेन मार्तीन गाइते या लेखिकेनं अशा नायिकांना एक नाव दिलं, 'विचित्र मुली', आणि त्यांची सुरुवात आंद्रेआपासून मानली.

पोन्स नावाचा सहाध्यायी आंद्रेआला सांता मारिया देल मार हे जुनं चर्च दाखवतो. त्याच्या भिंती काळ्या पडलेल्या आहेत. १९३६च्या जुलैमध्ये ते जाळलं गेलं होतं. हाच पोन्स मग तिला आपल्या घरच्या नाचाच्या समारंभाला बोलावतो. ती सिंड्रेला होऊन जाते. दारात पोन्सची आई तिच्याकडे बघते. आधी चेहऱ्याकडे, मग खाली, तिच्या जुन्या बुटांकडे. बस्स, तेवढंच. आंद्रेआ समारंभ अर्धा सोडून निघते. सिंड्रेलाला बुटानं राजपुत्र मिळतो. हिला बुटामुळेच कळतं की राजपुत्र नकोय.

आपल्याकडे वयात येण्याची कादंबरी म्हटलं की 'कोसला' आठवते. ती १९६३ची, तीही कॉलेजसाठी शहरात आलेल्या मुलाची, तिथेही वर्षं वाया गेल्याची जाणीव. पण तिचा नायक सांगवीकर घरून आलेल्या पैशांवर उधळपट्टी करू शकतो आणि हरला तर परतायला गाव आहे. आंद्रेआला परतायला काही नाही. मुलींच्या बाजूनं पाहायचं तर विभावरी शिरूरकरांचा 'कळ्यांचे निःश्वास' आहे, १९३३चा. ती पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत, कोण आधी कोण नंतर हा हिशेब बाजूला ठेवून.

भिंतीवरचे खड्डे

कॅथीड्रलच्या मागे गल्लीबोळांतून एक छोटासा चौक लागतो, सांत फेलिप नेरी. मधे कारंजं, एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला चर्च. चर्चची दर्शनी भिंत माणसाच्या उंचीपर्यंत आणि त्याहून वर देवीच्या व्रणांसारखी खड्ड्या-खड्ड्यांची आहे. ३० जानेवारी १९३८ला फ्रांकोच्या बाजूच्या विमानांनी इथे बाँब टाकले, ४२ माणसं मेली, त्यांतली बहुतेक मुलं. युद्ध संपल्यावर अशी कहाणी पसरवली गेली की हे व्रण बाँबचे नाहीत, विरोधकांनी लोकांना गोळ्या घातल्या त्यांचे आहेत. भिंत तीच, फक्त तिच्याकडून खोटं वदवून घेतलं गेलं.

'नादा'मध्ये हा चौक येत नाही. मला मात्र इथे बसल्यावर ती कादंबरी जास्त कळली. आंद्रेआच्या घरात सगळ्यांना युद्धात काहीतरी झालंय. कोण कोणत्या बाजूला होतं, कोणी कोणाला पकडून दिलं, हुआन असा का झाला, रोमान किती दिवस तुरुंगात होता. भांडणात यातलं अर्धं वाक्य बाहेर पडतं आणि लगेच दार आपटतं. आंद्रेआ विचारत नाही. तिला सांगतही कोणी नाही. घरात मारामारी जेवणावरून होते, हरवलेल्या रुमालावरून होते. युद्धाचं नाव घेऊन कोणी भांडत नाही. जी गोष्ट बोलायची मुभा नाही ती कुठेतरी तोंड काढतेच.

एकदा हेरार्दो नावाचा मुलगा तिला मोंजुइक टेकडीवर घेऊन जातो. वरून बंदर दिसतं आणि बंदरात, पाण्याबाहेर डोकं काढून, युद्धात बुडालेल्या जहाजांचे गंजलेले सांगाडे. मग तो तिचं चुंबन घेतो, तिला किळस येते. प्रकरण संपतं. सांगाड्यांवर लेखिका एक शब्द जास्त खर्च करत नाही. त्याच टेकडीवरच्या किल्ल्यात १५ ऑक्टोबर १९४०ला कातालोनियाचे अध्यक्ष लुईस कोम्पान्यस यांना गोळ्या घातल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला कांप दे ला बोता नावाच्या किनाऱ्यावर १९३९ ते १९५२ या काळात सतराशेहून जास्त माणसं अशीच मारली गेली. आंद्रेआच्या वर्षातही हे चाललेलं होतं. पुस्तकात त्याचं काय? काही नाही.

निरस कादंबरी

म्हणूनच ती छापली गेली. तेव्हा प्रत्येक हस्तलिखित छापण्याआधी सरकारी परीक्षकाकडे जायचं. 'नादा'वरचा शेरा स्पॅनिश साहित्याच्या इतिहासातला एक विनोद होऊन बसलाय. सार असं: कादंबरी निरस, ना शैली ना वाङ्मयीन मोल, एका विद्यार्थिनीनं काका-आत्यांच्या घरी काढलेलं वर्ष, विशेष काही घडत नाही, परवानगी द्यायला हरकत नाही. परीक्षकानं पुस्तकाचं नाव वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला.

लाफोरेतनं ती १९४४मध्ये माद्रिदमध्ये लिहिली, बरीचशी आतेनेओ या संस्थेच्या वाचनालयात बसून. कायद्याचा अभ्यास चालू होता, तो तिनं पुरा केला नाही. मानुएल सेरेसालेस या पत्रकारानं हस्तलिखित वाचून पाठीवर थाप मारली. पुढे १९४६मध्ये दोघांनी लग्न केलं. बार्सिलोनाच्या 'देस्तिनो' साप्ताहिकानं त्याच सुमारास आपल्या दिवंगत संपादकाच्या नावानं एक पारितोषिक जाहीर केलं होतं, नादाल. रक्कम पाच हजार पेसेता. पहिल्या वर्षी २६ हस्तलिखितं आली. ६ जानेवारी १९४५च्या रात्री एका कॅफेत निकाल लागला तेव्हा सेसार गोन्सालेस-रुआनो नावाचा मातब्बर लेखक विजेता ठरणार अशी चर्चा होती. जिंकली तेवीस वर्षांची, कोणाला माहीत नसलेली मुलगी. साप्ताहिकाचा उगम युद्धात फ्रांकोच्या बाजूच्या मंडळींत झालेला, हेही इथे सांगायला हवं. म्हणजे राजवटीच्या परीक्षकानं हिला सोडलं आणि राजवटीच्याच जवळच्या लोकांनी हिला डोक्यावर घेतलं.

मे १९४५मध्ये पुस्तक आलं आणि हातोहात गेलं. परागंदा झालेले कवी हुआन रामोन हिमेनेस यांनी कौतुकाचं पत्र लिहिलं. १९४७मध्ये एदगार नेव्हिलनं चित्रपट काढला. नादाल पारितोषिक नंतर एलेना किरोगा, दोलोरेस मेदियो, कार्मेन मार्तीन गाइते, आना मारिया मातुते अशा बायकांकडे गेलं. दार उघडं राहिलं होतं.

लाफोरेत मात्र त्या दारात फार वेळ उभी राहिली नाही. पाच मुलं, आणखी काही कादंबऱ्या, मग लिहिणं कमी कमी होत गेलं. १९७०मध्ये ती नवऱ्यापासून वेगळी झाली. मुलाखती टाळू लागली, या शहरातून त्या शहरात जात राहिली. जिथे जाईल तिथे लोक विचारत, पुढची 'नादा' कधी? तिच्यावरच्या चरित्राच्या नावातच ती 'पळणारी बाई' आहे. अखेरची वर्षं आजारात, जवळजवळ न बोलता गेली. २००४च्या फेब्रुवारीत ती गेली. १९६३च्या कादंबरीपासून सुरू झालेल्या मालिकेचा दुसरा भाग त्याच वर्षी, तिच्यामागे निघाला. एका चांगल्या पुस्तकानं लेखकाचं किती नुकसान होऊ शकतं, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

जिना

शेवटी रोमान गळ्यावर वस्तरा फिरवून घेतो. त्याआधी एनाच्या आईनं आंद्रेआला सांगितलेलं असतं की तरुणपणी तिनं या माणसासाठी आपली वेणी कापून दिली होती. काही दिवसांनी माद्रिदहून एनाचं पत्र येतं: बाबांच्या ऑफिसात तुझ्यासाठी काम आहे, ये. पहाटे एनाच्या वडिलांची मोटार दारात उभी राहते. आंद्रेआ तोच जिना उतरते, हळू, बॅग तीच. जाताना तिला वाटतं, या घरातून आपण काही घेऊन चाललेलो नाही. लगेच ती जोडते की निदान तेव्हा तरी असं वाटलं होतं. सांगणारी आंद्रेआ मोठी झालेली आहे, हे वाचकाला पहिल्यापासून अधूनमधून जाणवत असतं. ती काय झाली, कोणाशी लग्न केलं का, यावर एक अक्षर नाही.

मला माद्रिदची गाडी सांत्सहून होती. भाची सोडायला आली. तिनं 'नादा'चं इंग्रजी भाषांतर मला परत द्यायला काढलं आणि पुन्हा स्वतःच्या पिशवीत टाकलं.

"शेवटचं प्रकरण राहिलंय. वाचून पाठवते."

"स्पॅनिशमध्ये वाच की."

"वाचेन. मावशी, माद्रिदला गेल्यावर तिचं काय होतं?"

"पुस्तकात नाही."

गाडी फलाटाला लागत होती. ती जरा वेळ गप्प राहिली.

"पण ती हे सगळं नंतर लिहून सांगते ना?" ती म्हणाली. "मग जेवली असणार गं."